ज्यांनी माझ्या छापखान्यातले 'र' संपवले

सखारामआबा हिंगणे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकात मीही काही लिहावे, असा गौरव समितीचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. दुसऱ्यांनी लिहिलेले छापणे हा माझा धंदा. स्वतः लिहायला बसलो की या ओळीला अक्षरांचे किती खिळे लागतील हाच विचार डोक्यात घोळतो. शिवाय हा अंक माझ्याच छापखान्यात निघणार, म्हणजे लेख लांबला तर बोटे माझीच दुखायची. पण आबांची आणि माझी ओळख झाली ती खिळ्यांवरूनच, आणि ती हकीकत मी सांगितली नाही तर दुसरे कोणी सांगणार नाही. म्हणून लिहितो.

मिठाच्या सत्याग्रहाचा तो उन्हाळा होता. बारामतीत माझा छापखाना नवा. पायाने चालवायचे एक यंत्र, खिळे ठेवायच्या कप्प्यांच्या थोड्या पेट्या, म्हणजे केसा, आणि खिळे जुळवणारा जुळारी म्हणून मीच. लग्नपत्रिका, कुस्त्यांची पत्रके आणि वकिलांचे कागद यांवर भागत असे. एका बाजारच्या दिवशी दुपारी एक उंच, सावळे गृहस्थ दारात उभे राहिले. मुंडाशावर धुरळा, बाह्या कोपरापर्यंत वर चढवलेल्या. कळंबहून बैलगाडीतून वांगी घेऊन ते बाजाराला आले होते आणि वांगी संपल्यावर पाटाच्या पाण्याच्या वाढीव दराविरुद्ध भरणाऱ्या सभेचे पत्रक छापून न्यायचे, असे दुहेरी काम त्यांनी काढले होते. "छापखानंवालं तुमीच का?" असे त्यांनी विचारले. मी तेव्हा जेमतेम पंचविशीतला. एवढ्या वयाच्या माणसाने मला 'तुमी' म्हटल्यावर माझ्या मागे दुसरे कोणी उभे आहे की काय, म्हणून मी वळून पाहिले.

पत्रकाखाली निमंत्रकांची नावे होती. पहिले नाव नारायणरावांचे. ते मोठे बागाईतदार आणि सभेचे अध्यक्ष. त्यांच्यामागून कळंबचे इतर बागाईतदार, आणि शेवटी येसू रामोशी, कोंडी न्हावी अशी मंडळी. प्रत्येक नावाआधी आबांनी 'रा. रा.' लिहिले होते. राजमान्य राजश्री ही पदवी आपण पत्रावर आणि पत्रिकेवर मानाच्या माणसाला लावतो. येसू रामोशांना ती लावलेली मी तोवर पाहिली नव्हती. मला हसू आले, पण खरी अडचण वेगळी होती. मराठीत 'र' आधीच पावलोपावली लागतो, त्यात दर नावाला आणखी दोन. माझ्या केसेत तेवढे 'र' नव्हतेच.

मी म्हणालो, "असे करू, मोठ्या मंडळींच्या नावाआधी रा. रा. ठेवू आणि बाकीची नावे नुसती टाकू."

आबा म्हणाले, "खिळं पुरत नसतील तर मोठ्यांचं काढा. त्यास्नी समदी म्हणत्यातच की."

पत्रक तसेच निघाले. नारायणराव नुसतेच नारायणराव आणि येसू मात्र राजमान्य राजश्री. चार दिवसांनी नारायणराव घोड्यावरून माझ्या दाराशी आले आणि त्यांनी माझी जी हजेरी घेतली, ती शेजारचा शिंपी अजून नक्कल करून दाखवतो. मी सगळे आबांवर ढकलून मोकळा झालो. आबांनी त्यांची समजूत घातली ती अशी, "नारायणराव, खिळं संपलं वो. पाटाचं पाणी तरी समद्यास्नी एका टायमाला कुठं मिळतंय? फुडच्या खेपंला तुमची पाळी." पुढच्या वेळी पुण्याहून मी निव्वळ 'र' मागवले. ज्यांच्याकडे मागवले त्यांना वाटले, बारामतीकर नुसते अरेरे छापतात की काय. नारायणराव आज या गौरव समितीचे अध्यक्ष आहेत आणि वरचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवलेला आहे. "असू दे," म्हणाले.

आबांचे राजकारण काय, असे मला कोणी विचारले तर मी त्यांच्या भाषणांविषयी बोलत नाही. खरे सांगायचे तर आबांची भाषणे कंटाळवाणी असतात. दराची गोष्ट सांगता सांगता ते वांग्याच्या किडीवर जातात आणि तिथून परत येत नाहीत. सभेला ते कधी वेळेवर पोचले, असेही मला आठवत नाही. पण माणसाशी बोलताना ते कोणालाही 'तुमी'च म्हणतात आणि नावापुढे 'राव' लावतात, यात त्यांनी कधी चूक केलेली मी पाहिली नाही. गावात ज्याला सगळे अरे-तुरे करतात त्यालाही राव, आणि ज्याला सगळे रावसाहेब, सरकार, हुजूर म्हणतात त्यालाही तेवढेच राव. पाटखात्याच्या एका साहेबांनी एकदा त्यांना सुनावले, "मला साहेब म्हणा." आबा अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाले, "आमच्याकडं राव म्हंजी लई मोठा मान हाय. ह्येच्यावर मला कायच येत न्हाय." त्यांना पकडायला आलेल्या शिपायांनाही ते, "गणपतराव, भाकरी खाऊन निघूया का?" असे विचारत. सरकारशी भांडायचे तर आवाज चढवलाच पाहिजे असे त्या काळी आम्हा तरुणांना वाटे, आणि आबांचे हे बोलणे आम्हाला जरा मिळमिळीतच वाटायचे.

घरातही त्यांची हीच रीत. पार्वतीकाकूंना ते 'तुमी' म्हणतात. काकूंच्या माहेरी यावरून इतकी चेष्टा झाली, की काकूंनी चारचौघांत तरी असे बोलू नका म्हणून त्यांना बजावले. मी एकदा कळंबला जेवायला असताना आबा म्हणाले, "तुमी बी बसा आता." काकू चुलीपुढून म्हणाल्या, "तुमी म्हणून म्हणून मला मोटी केली, आन् भाकरी थापायला मलाच बसवली." आबा उठले आणि त्यांनी पाण्याचे तांबे भरले.

माझ्यावर त्यांचे उपकार पुष्कळ आहेत, त्यांतला एकच सांगतो. पुढे एका पत्रकावरून माझ्या छापखान्याची झडती झाली आणि झडतीत केसा पालथ्या झाल्या. सगळी अक्षरे जमिनीवर एकमेकांत मिसळली. छापणाऱ्याला हे दृश्य बघवत नाही. मी धंदा बंद करून गावी जायच्या विचारात होतो. आबा वांग्याची गाडी घेऊन आले, गाडी तशीच कोणाच्या तरी हवाली केली आणि माझ्यासमोर मांडी घालून खिळे निवडायला बसले. पुढे कित्येक बाजारचे दिवस ते असेच येऊन बसत. खिळ्यावर अक्षर उलटे असते आणि आबांचे वाचन जेमतेम, त्यामुळे त्यांनी 'घ' आणि 'ध' यांची जी सरमिसळ केली ती मी अद्याप निस्तरतो आहे. माझ्याकडच्या एखाद्या पत्रिकेत 'आमचे धरी' असे छापून आले तर लोकांनी मला दोष देऊ नये. 'र' मात्र त्यांनी एकही चुकवला नाही. ते बसले नसते तर हा छापखाना आज नसता, आणि हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलेले नाही.

आता निरवांगीच्या उताराविषयी. आबांना नुसते बोलणारे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकावी.

नीरेचे पाणी वरच्या अंगाला पाटात वळवलेले, त्यामुळे उन्हाळ्यात खाली नदीचे पात्र कोरडे पडते. बागाईतदारांच्या शेतात पाटाचे पाणी खेळते, पण निरवांगीच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या धनगरांना पाटाच्या काठालाही फिरकायची मनाई. पाटाच्या बाजू उभ्या, मेंढरू उतरायला गेले तर घसरून वाहून जायचे. लोकल बोर्डाच्या निवडणुकीचे ते दिवस. सरकारच्या मर्जीतल्या उमेदवाराविरुद्ध आबा उभे होते आणि बागाईतदार त्यांच्या पाठीशी होते. कळंबच्या सभेत मागे, अगदी कडेला, घोंगडी पांघरून निरवांगीचे एक धनगर उभे होते. सगळा मुलूख त्यांना बिऱ्या म्हणत असे. आबांचे बोलणे किडीवर जाणार इतक्यात त्यांची नजर मागे गेली.

"बिरूराव, तुमी लांब का? म्होरं या," आबा म्हणाले. "ह्यो पाट जेवढा नारायणरावांचा हाय, तेवढाच तुमचा बी हाय."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सभेत असे बोलायची पद्धतच असते आणि आम्ही सगळे ते ऐकून घरी गेलो. बिरूराव मात्र निरवांगीला गेले आणि भावकीतल्या चार माणसांना घेऊन, कुदळीने पाटाची बाजू तासून त्यांनी मेंढरांसाठी उतार काढला. आजवर कोणी त्यांना राव म्हटले नव्हते. ज्या तोंडाने आपल्याला राव म्हटले त्याच तोंडाने पाट आपला आहे असे सांगितले, तर ते खरेच असणार, असा त्यांनी अर्थ लावला. आमच्यापैकी कोणीही असा अर्थ लावला नसता.

मेंढरे पोटभर पाणी प्यायली आणि वर येताना नारायणरावांच्या वांग्यांत शिरली. नारायणरावांनी पाटाची राखण करणाऱ्या पाटकऱ्यांना बोलावले. कळप कळंबच्या कोंडवाड्यात गेला आणि पाट फोडल्याबद्दल बिरूराव इंदापूरच्या कचेरीत. त्यांना चिथावणी कोणी दिली, याच्या चौकशीसाठी आबांना बोलावणे आले. सभेचे पत्रक माझे, म्हणून मलाही.

आदल्या संध्याकाळी नारायणराव आणि बाकीचे बागाईतदार आबांच्या अंगणात आले. नारायणरावांचे म्हणणे अगदी सरळ होते. "आबा, तुमी फोडा म्हणाला न्हाय, ही खरी गोष्ट हाय. तेवढंच सांगा अन् मोकळं व्हा. तुमी आत गेला तर बोर्डावर सरकारचा मानूस बसतोय. मेंढरांपायी समद्या बागाईतदारांचं वाटुळं करणार का?" मला त्यांचे पटले होते. आबांनी बोर्डावर जावे म्हणून मी किती पत्रके छापली होती! घरातून काकू डोक्यावर घागर घेऊन निघाल्या. कोंडवाड्यातली मेंढरे तहानेने ओरडत होती आणि आपल्या विहिरीचे पाणी त्या त्यांना नेऊन पाजत होत्या. जाता जाता म्हणाल्या, "तुमचं ठरू द्या सावकाश. मेंढरास्नी दम न्हाय." आबा उठले, त्यांनी दुसरी घागर घेतली आणि मागोमाग गेले. बागाईतदार अंगणात तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मामलेदारांनी आधी बिरूरावांना विचारले. "पाट फोडायला तुला हिंगण्यांनी सांगितले काय रे?"

बिरूराव म्हणाले, "न्हाय सरकार. आबा फोडा म्हनलं न्हाईत. पाट तुमचा हाय, एवढंच म्हनलं. आपल्याच हिरीत उतराय कुनी कुनाला इचारतं व्हय? जे केलं ते म्या केलं."

कचेरीत हशा पिकला. मामलेदार भले गृहस्थ होते आणि आबांविषयी त्यांच्या मनात आदर होता. ते आबांना म्हणाले, "हिंगणे, भाषणात असे सगळेच बोलतात. तुम्ही ते शब्दशः म्हणाला नव्हता, एवढे सांगा. तुमचे काम इथेच संपेल."

नारायणराव दारात उभे होते. मी आबांच्या शेजारी होतो. मनातल्या मनात मी म्हणत होतो, सांगा, आबा, सांगून टाका.

आबा म्हणाले, "शब्दशः म्हंजी जसं बोललो तसंच का? मग तसंच म्हनलो हुतो. आज तसं न्हवतं म्हनलं, तर आजवर मी ज्यास्नी ज्यास्नी राव म्हनलं, ती समदी म्हणतील, आबाचं त्ये बी असंच बोलण्यापुरतं हुतं. उतार माझ्या सांगण्यावरनं झाला. बिरूरावांस्नी सोडा." आणि मग त्यांनी, जणू शेतातली एखादी बारीक चूक दाखवावी तसे, आणखी एक सांगितले, "आन् त्यास्नी अरे म्हनू नका, मामलेदारराव. वयानं तुमच्यापरीस थोरलं हायती."

बिरूराव सुटले, कळपही सुटला. आबा काही महिने तुरुंगात गेले आणि उमेदवारी हुकली. त्यांच्या जागी बागाईतदारांनी नारायणरावांना उभे केले आणि ते पडले. कित्येक दिवस कळंबमध्ये आबांच्या घराशी कोणी बोलत नव्हते. काकू वांगी घेऊन एकट्या बाजाराला येत, तेव्हा गाडीमागून बिरूराव चालत येत आणि पाट्या उतरवून देत. निरवांगीचा उतार पाटकऱ्यांनी बुजवला. निरवांगीकरांनी तो पुन्हा काढला. पुन्हा बुजवला, पुन्हा काढला.

पुढे काळ बदलला. ज्यांच्याबरोबर आबांनी तुरुंगात भाकरी खाल्ली त्यांतले काही निवडून आले आणि खुर्चीवर बसले. आबांच्या ओळखीला आता भाव येणार, असे आम्हाला वाटले. आबा निरवांगीच्या उताराचा जुनाच अर्ज घेऊन नव्या मंडळींकडे गेले, बाहेरच्या बाकावर इतरांबरोबर बसले आणि आत गेल्यावर आपल्या जुन्या सोबत्याला त्यांनी नेहमीसारखे नावापुढे राव लावून हाक मारली. त्या गृहस्थांना ते रुचले नाही, असे बरोबर गेलेल्यांनी मला सांगितले. आबांना विचारले तर म्हणाले, "आपली मानसं हायती, म्हनून जरा जास्ती खेपा घालाय लागतील." त्यांनी खेपा घातल्या. उतारासाठी त्यांनी कोणापुढे हात जोडले नाहीत आणि कोणाला शिवीही दिली नाही. खेपा घालणे मात्र थांबवले नाही.

अखेर निरवांगीला दगडी उतार झाला. त्याचे उद्घाटन वगैरे झाले नाही. एका सकाळी पाटखात्याचा शिपाई पाण्याच्या पाळ्यांची जाहीर सूचना माझ्याकडे छापायला घेऊन आला. कोणत्या फाट्याला पाणी कधी, पाट कुठून कुठे बंद, असा नेहमीचा रुक्ष मजकूर. मी खिळे जुळवत निघालो आणि एका ओळीवर हात थांबला. सरकारी कारकुनाच्या अक्षरात लिहिले होते, 'बिरूराव उतार'. लोक त्या जागेला त्याच नावाने ओळखत होते, म्हणून कारकुनाने तेच उतरवले असणार.

मी काम टाकून तो कागद घेऊन कळंबला गेलो. आबा वाफ्यात होते.

"वाचा," ते म्हणाले. मी वाचले.

"सरकारनं लिवलंय?"

"हो."

"राव लावून?"

"लावून."

त्यांनी मला आणखी एकदा वाचायला लावले. मग ते वाकून पुन्हा तण काढू लागले.

या अंकाच्या पहिल्या पानावर आबांच्या नावाआधी देशभक्त, शेतकऱ्यांचे कैवारी अशा पदव्या घालायचे समितीने ठरवले होते. आबांनी त्या काढायला लावल्या. परवा बिरूराव छापखान्यात आले. त्यांना वाचता येत नाही, पण पान जुळवून तयार आहे असे कळल्यावर ते खिळ्यांवर वाकले.

"आबांच्या नावाम्होरं काय लावलंय?" त्यांनी विचारले.

"रा. रा.," मी म्हणालो.

"आन् आमी वर्गणी दिली, त्यात माज्या?"

"रा. रा."

त्यांनी दोन्ही ठिकाणी खिळ्यांवरून बोट फिरवून पाहिले. "बरुबर हाय," म्हणाले आणि घोंगडी सावरून निघून गेले.

आबा, मी पुण्याहून पुन्हा 'र' मागवले आहेत, भरपूर मागवले आहेत. तुमची आणि काकूंची प्रकृती ठणठणीत राहो. हे सगळे 'र' झिजून गुळगुळीत होईपर्यंत तुम्ही वांग्यांची गाडी घेऊन माझ्या दारात येत राहा, आणि राहिलेल्यांची नावे आणत राहा.